वर येणारा बीम

भिंत आणि बीम यांच्यामधल्या सव्वा फुटाच्या फटीत ती आडवी होऊन शिरली, उकिडवी बसली, आणि बसता आलं याचंच तिला क्षणभर बरं वाटलं. बाळंतपणाची रजा संपवून कामावर येऊन तीन आठवडे झाले होते. तीन आठवडे रोज सकाळी अकराला ती या फटीत शिरत होती आणि रोज तिला तेवढंच बरं वाटत होतं. पुढे दिवसभर मात्र बरं वाटण्यासारखं काही घडत नव्हतं.

तिने मोबाइलची बत्ती डायलवर धरली. बीमच्या पोटाखाली, जमिनीपासून हातभर उंचीवर, मनगटी घड्याळापेक्षा थोडी मोठी अशी ती तबकडी लोखंडी स्टँडला आवळलेली होती. तिचं तोंड भिंतीकडे. येता-जाता कोणाचा पाय, कोणाची बादली लागू नये म्हणून काकांनीच ती अशी पाठ फिरवून बसवली होती. छोटा काटा दोनच्या पुढे, मोठा काटा शंभर रेघांपैकी एकाहत्तरवर. म्हणजे डोक्यावर लोखंडी वजनं घेऊन पडलेला तो काँक्रीटचा बीम नऊ महिन्यांत मधोमध दोन पूर्णांक एकाहत्तर शतांश मिलिमीटर खाली वाकला होता.

"एकाहत्तर," ती आतूनच म्हणाली.

बाहेरून उत्तर आलं नाही. काकांचं वाचन आधीच झालं होतं. ते प्रयोगशाळेचे तंत्रज्ञ. सगळेच त्यांना काका म्हणत. वाचनाआधी ते रजिस्टरच्या पानावर एक पुठ्ठा ठेवत आणि जुने आकडे झाकून टाकत. "कालचा आकडा दिसला की डोळा आपोआप तिकडे सरकतो," असं ते नव्या विद्यार्थ्यांना सांगत. पाच महिने, ती रजेवर असताना, त्यांनी एकट्याने हे वाचन केलं होतं. सुट्टीच्या दिवशीसुद्धा. आता ती परतल्यापासून एकाच डायलचं वाचन दोनदा होत होतं, एकदा काकांचं आणि एकदा तिचं. असं का, ते काकांना कोणी सांगितलं नव्हतं. सांगायची गरजही पडली नव्हती.

ती फटीतून बाहेर आली तेव्हा काका टोपण लावून पेन खिशाला अडकवत होते.

"तीन वाजता आहे ना सरांकडे?" त्यांनी विचारलं.

"हो."

"लेखी आणायला सांगितलंय मला. खुलासा." हा शब्द त्यांनी दाताखाली खडा आल्यासारखा उच्चारला. "इतक्या वर्षांत रजेचा अर्ज सोडला तर काही लेखी दिलेलं नाही मी. बघतो, जमतंय का."

ते गेले. तिने हात पुसले, मग परत पुसले, आणि फोन बघितला. सासूबाईंचा निरोप होता: ठमीने अर्धीच बाटली घेतली, आता खेळतेय, काळजी करू नको. यातल्या शेवटच्या तीन शब्दांनी तिला लगेच काळजी लागली. अर्धीच का? काल पाऊण घेतली होती.

काळजी करणं हा तिचा स्वभावच. गॅसचं बटण ती दोनदा बघे, ठमीचा ताप तीनदा. नवरा म्हणे, "थर्मामीटरवर तरी एकदा विश्वास ठेव." पण संशोधनात या स्वभावाचा फायदाच होतो, असं ती मानत आली होती. जी बाई तीनदा बघते तिच्या हातून चूक कशी होईल?

या प्रयोगशाळेत माणसांना त्यांच्या विषयाच्या नावाने हाक मारायची पद्धत होती. दगडाचा चुरा वापरून वाळू वाचवणारी ती वाळू. काँक्रीटच्या पोटातल्या सळया गंजवत बसणारा तो गंज. आणि बीम किती वाकतो ते मोजणारी ही वाकताई. ताई अशासाठी, की लग्न झालेली तेवढी ती एकच होती.

तिच्या बीममध्ये सिमेंट कमी होतं आणि कारखान्यातल्या भट्टीची राख जास्त. असलं काँक्रीट कायमच्या ओझ्याखाली वर्षभरात किती वाकतं, एवढाच साधा प्रश्न होता. पहिले दोन महिने बीम शहाण्यासारखा वाकत गेला: रोज थोडा, मग आणखी थोडा, अडीच मिलिमीटरपर्यंत. आणि मग वाकायचा थांबला. थांबला तो थांबला, उलट हळूहळू वर यायला लागला. दोन पूर्णांक पन्नास, मग एकोणपन्नास, मग सत्तेचाळीस. तिला आठवा संपून नववा लागला होता, पाय सुजले होते, आणि तिचा बीम डोक्यावरचं ओझं घेऊन वर येत होता. चौतीस दिवसांत चव्वेचाळीसवर आला. सरांनी, तिच्या मार्गदर्शकांनी, आलेख बघितला तेव्हा ते खुर्चीवरून उठले होते. "राखेमुळे आत काहीतरी पुन्हा भरून येतंय," ते म्हणाले होते. "हे खरं असेल तर आपण कुठल्या कुठे जाऊ!" गंज म्हणाला होता, "बीमलाही नववा लागलाय वाटतं, पोट वर येतंय." दवाखान्यात जायच्या आठ दिवस आधी तिने पेपरचा मसुदा सरांना पाठवला. ठमी पाच आठवड्यांची असताना एका मोठ्या परिषदेने तो स्वीकारला.

आणि परत आल्यावर तिने काकांची वाचनं आलेखावर मांडली. तिचा शेवटचा आकडा चव्वेचाळीस. काकांचा दुसऱ्या दिवशीचा पहिलाच आकडा छप्पन्न. एका रात्रीत बीम बारा शतांश खाली. जेमतेम एका कागदाची जाडी. पण बीमच्या आयुष्यात ती दरी होती. त्यानंतर वर येणं नाही की काही नाही, निमूट खाली, खाली, एकाहत्तरपर्यंत.

तिने त्याच दिवशी सरांना सांगितलं. आवाज खाली ठेवून, चांगल्या शब्दांत सांगितलं, पण सांगितलं. "काकांच्या वाचनात काहीतरी गडबड आहे, सर. एकतर त्या दिवशी स्टँडला धक्का बसलाय, नाहीतर..." नाहीतरच्या पुढचं सरांनी स्वतःच पूर्ण केलं. आज तीन वाजता खुलासा. सोमवारपासून काका स्टोअरमध्ये, चाचणीच्या जागेवर नाहीत. निवृत्तीला त्यांना चौदा महिने होते.

चहाच्या वेळी वाळू म्हणाली, "मला नाही पटत. काका काँक्रीटच्या चाचणी-ठोकळ्यावर, साध्या क्यूबवर, तारीख घालतानासुद्धा दोनदा कॅलेंडर बघतात."

"म्हणूनच," गंज म्हणाला. "असली माणसं बघ, एकदा घसरली की सरळ तळाला. पाच महिने रोज, रविवारीसुद्धा? मी तर बायको असती तरी रविवारी तिच्याकडे बघितलं नसतं, बीमकडे कशाला बघू? घरी बसून लिहिले असतील आकडे."

"घरी बसून लिहिले असते तर वाकताईच्या आकड्याला धरून लिहिले असते ना, अकलेच्या. एवढी मोठी उडी कशाला मारली असती?"

गंज गप्प झाला. वाळूने सहज म्हटलेलं ते वाक्य तिला टोचलं. हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं असं नाही; आलं होतं, पण तिने ते आत घेतलं नव्हतं, दारावरच्या विक्रेत्यासारखं बाहेरच्या बाहेर वाटेला लावलं होतं.

"पण मला एक सांग," गंजला गप्प बसवत नाही फार वेळ. "तू शेवटी शेवटी एवढी अशी झाली होतीस," त्याने दोन्ही हातांनी एक टाकी दाखवली. "त्या फटीत शिरायचीस कशी?"

"शिरत नव्हते. या बाजूला स्टूलवर बसायचे आणि फटीत आरसा धरायचे. फूटपट्टीला चिकटवलेला."

"वा, दातांचा डॉक्टर!" असं म्हणून तो कप विसळायला गेला.

तिला दूध भरून आलं होतं. स्टोअरच्या खोलीत सिमेंटच्या पोत्यांमागे दाराला कडी लावून ती पंप घेऊन बसली. पंपाचा तो रडका आवाज ऐकत तिने विचार केला, की सरांसमोर एकदा सगळं नीट दाखवून द्यावं. काका रुसतील, म्हणतील तुम्ही तर बसून आरशात बघत होतात. तर त्यांनाच आरसा धरून दाखवू: हे बघा, सकाळी एकाहत्तर, आरशातही एकाहत्तर. तोंड बंद. या विचाराने तिला थोडं धीट झाल्यासारखं वाटलं, आणि धीट वाटताच जरा लाजही वाटली.

आरसा टेबलाच्या खालच्या खणात होता, जुन्या आलेखांखाली. सगळे जेवायला गेले होते. तिने स्टूल ओढलं, पट्टी फटीत घातली, मनगट थोडं वळवलं. सवय अजून हाताला होती. तबकडी आरशात आली. काटा खालच्या पन्नासच्या उजवीकडे, वर चढलेला. तिने नेहमीसारख्या रेघा मोजल्या.

एकोणतीस.

तिने आरसा काढला, पदराने पुसला, परत घातला. एकोणतीस. मग ती उठली, फटीत शिरली, उकिडवी बसली. एकाहत्तर. काटा डावीकडे.

डावीकडे.

ती तिथेच भिंतीला टेकून बसून राहिली. भिंतीवरचं घड्याळ आरशात बघितलं तर सव्वानऊचे पावणेतीन होतात, हे शाळेतल्या पोरालाही कळतं. तबकडीवरचे आकडे आरशात उलटे दिसत होते, पण आकडे वाचतंय कोण? घड्याळात कोणी आकडे वाचतं? काटा कुठे आहे ते बघायचं आणि रेघा मोजायच्या, वर्षानुवर्षांची सवय. आणि नशीब असं, की आरसा हातात घेतला त्या दिवशी काटा नेमका खाली, पन्नासवर उभा होता. सरळ खाली बघणारा काटा आरशातही सरळ खालीच बघतो. पहिल्या दिवशी फरकच पडला नाही. पुढे बीम जेवढा खाली गेला तेवढा तिने वर आणला. छप्पन्नचे चव्वेचाळीस. शंभरातून वजा केले की झालं. उडी नव्हतीच. काकांचा पहिला आकडा तिच्या शेवटच्या खऱ्या आकड्याइतकाच होता.

बीम वर आलाच नव्हता.

सव्वादोन वाजले होते. तिने मनात जी आकडेमोड केली ती नंतर तिला कोणाला सांगता आली नसती. आरशाचं गंजला आणि वाळूला माहीत होतं, पण चहाबरोबर ते विसरले असतील. काका खुलासा देतील, सर मान हलवतील. स्टोअर म्हणजे काही फाशी नव्हे. तिथे खुर्ची आहे, पंखा आहे, या वयात उकिडवं बसण्यापेक्षा बरंच. परिषद दोन महिन्यांवर. तोवर काहीतरी सुचेल. तिने पाण्याची बाटली तोंडाला लावली, ती रिकामी होती, तरी ती प्यायल्यासारखं करून खाली ठेवली. उठली, दारापर्यंत गेली, परत आली. फोन बघितला. ठमी झोपली होती. झोपलीय की सुस्तावलीय? फोन करावा का? सासूबाई म्हणतील, झोपलेल्या पोरीला उठवून विचारू का, झोपलीस का म्हणून.

मग तिच्या लक्षात आलं, की ती फोन करायला निघाली नसून फोनच्या आडोशाला लपायला निघाली आहे.

काका क्यूब पाण्यात मुरवायच्या क्युरिंगच्या टाकीशेजारी, क्यूब ठेवायच्या फळीवर कागद ठेवून लिहीत होते. दोन कागद चुरगाळून खिशात कोंबलेले दिसत होते. तिसऱ्यावर चार ओळी झाल्या होत्या, अक्षर शाळेतल्या सुविचारासारखं गोल.

"काका, ते लिहू नका."

"का? तारीख पुढे गेली?"

"चूक माझी आहे." एवढं बोलल्यावर बाकीचं भराभर आलं: आरसा, काटा, डावं-उजवं, चव्वेचाळीस आणि छप्पन्न. काका पेन हातात धरून ऐकत होते. त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य येईल म्हणून ती वाट बघत राहिली. ते आलं नाही.

"आरशाचं मला माहीत होतं," ते म्हणाले. "रोज बघत होतो मी. मी त्या टोकाला वजनं तपासायचो, तुम्ही स्टूलवर."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं?" आता मात्र त्यांचा आवाज चढला. "मला वाटलं, मॅडम उलटं करून लिहीत असतील. एवढं शिकलेलं माणूस, आरशात उलटं दिसतं हे मी सांगायचं? आणि तुमचे आकडे मी बघत नाही. पुठ्ठा असतो. तुम्ही मात्र माझे बघितलेत."

"बघितले," ती म्हणाली.

"मला विचारायचं तरी," काका म्हणाले. "समोर येऊन. काका, हे असं कसं? एवढंच. सरांकडे जायच्या आधी."

"हो."

"हो काय, हो!" त्यांनी तिसरा कागदही चुरगाळला आणि तो कुठे टाकावा ते न सुचून टाकीच्या काठावर ठेवला. "चला आता. तीन वाजतायत."

सरांच्या खोलीत तिने परत सगळं सांगितलं. या वेळी नीट क्रमाने, कारण सांगत असताना सरांचा चेहरा जसजसा उतरत गेला तसतसं तिला क्रमाचाच आधार वाटायला लागला. ऐकून झाल्यावर सरांनी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, खडीचा ढीग होता.

"ठीक आहे," ते म्हणाले. "म्हणजे वाचनं गेली नाहीत. शंभरातून वजा केली की खरी मिळतात. बरोबर? मग रजिस्टरमधले ते चौतीस आकडे खोडा, शेजारी दुरुस्त आकडा लिहा. प्रत्येक दुरुस्तीवर काकांची साक्षीची सही. नियमात बसतं. तुमचा प्रबंध वाचतो, काकांवरही काही राहत नाही. आरसा-बिरसा लिहायची गरज नाही. पेपर आपण शांतपणे मागे घेऊ, तब्येतीचं कारण देऊन. बाळंतीण बाईला कोण विचारतंय?"

तिने काकांकडे बघितलं. चौतीस सह्या, दहा मिनिटांचं काम. तिला वाटलं, संपलं.

"मी सही नाही करणार," काका म्हणाले.

"अहो, तुमच्याच भल्याचं आहे," सर म्हणाले. "मॅडमनी मान्य केलंय, तुमचं काही नाही यात."

"ते झालं. पण साक्षीची सही म्हणजे मी ते वाचन पाहिलं. मी नाही पाहिलं, सर. छप्पन्न होतं का पंचावन्न, मला काय माहीत? मी त्या टोकाला होतो."

"वजाबाकी आहे ती, काका!"

"वजाबाकी मॅडमची. त्यांनी सही करावी." ते जागेवरून हलले नाहीत. हात मागे बांधलेले, नजर टेबलाच्या कडेवर. ज्या खरेपणावर तिने तीन आठवडे संशय घेतला, तोच आता तिच्या वाटेत आडवा उभा होता, आणि तिला त्याला बाजूला हो म्हणायचा अधिकार उरला नव्हता.

"मग सगळंच अडलं की," सर म्हणाले. "साक्षीशिवाय दुरुस्ती धरत नाहीत. चाचणी पहिल्यापासून करायची? आणखी एक वर्ष?"

वर्ष हा शब्द ऐकून तिने मनात हिशोब केला. ठमी दीड वर्षाची होईल. चालायला लागलेली असेल. ती अजून फटीत.

"मी जे पाहिलं ते लिहितो," काका म्हणाले. "ते चालत असेल तर बघा."

त्यांनी रजिस्टर सोबत आणलं होतं. चौतीस आकड्यांच्या पानाखाली, मोकळ्या जागेत, उभ्या उभ्याच त्यांनी लिहिलं. लिहिताना ओठ हलत होते. मग वाचून दाखवलं: "वरील चौतीस दिवस मॅडम डायलच्या समोर न जाता, दुसऱ्या बाजूने आरसा धरून वाचन घेत होत्या. हे मी रोज पाहिले. डायल अगर स्टँड या काळात व नंतर कोणी हलवलेले नाही. आकडा मी पाहिलेला नाही." खाली सही, तारीख, वेळ तीन वाजून पंचवीस मिनिटं.

सरांनी ते दोनदा वाचलं. "हे ठेवलं तर आरसा लपत नाही," ते म्हणाले. "प्रबंधात लिहावा लागेल. परीक्षकांसमोर बोलावं लागेल. आणि परिषदेला तब्येतीचं कारण देता येणार नाही. ते मान्य करतील की चाचणी परत करा म्हणतील, मी आत्ता सांगू शकत नाही."

"कळलं, सर."

"पत्र तुम्ही लिहायचं. आज. मला एक प्रत पाठवून."

बाहेर व्हरांड्यात काका पुढे चालत होते. ती जवळजवळ पळतच त्यांच्या बरोबरीला आली. "काका, रागावलात?"

"रागावलोय तर." ते थांबले नाहीत. "माझ्या बायकोला कळलंय, मी स्टोअरला चाललो म्हणून. तिने धाकट्या भावाला सांगितलं, त्याने आणखी चौघांना. आता त्या सगळ्यांना परत जाऊन कोण सांगणार? तुम्ही येणार आहात?"

"येते."

त्यांनी पहिल्यांदाच तिच्याकडे नीट बघितलं, ती खरंच म्हणतेय का ते तपासल्यासारखं. "बघू," ते म्हणाले. "आधी पत्र लिहा."

साडेचारला तिने संगणक उघडला. पाच वाजता नवऱ्याचा फोन आला. "निघालीस का? ठमी दाराकडे बघतेय."

"एक पत्र लिहायचंय."

"केवढं?"

"चार ओळी."

"मग चार ओळी लिही आणि ये."

पहिली ओळ तिने सात वेळा लिहिली. एकदा त्यात आरसा आधी आला, एकदा राख, एकदा गरोदरपण. ते तिने लगेच खोडलं. आजूबाजूला वाळू आणि गंज पिशव्या आवरत होते. त्यांना कळलं होतं, कारण गंज एकही विनोद न करता गेला. दिवे एकेक करून मालवले गेले, तिच्या डोक्यावरचा तेवढा राहिला. काका कुलूप-किल्ली घेऊन दाराशेजारच्या बाकावर येऊन बसले. त्यांची बस साडेपाचची असे, ती गेली. ते एकदाही "आटपा" म्हणाले नाहीत, आणि दुसरं काहीही बोलले नाहीत. पावणेसातला तिने पत्र पाठवलं आणि पिशवी उचलली.